मंडपावरून जाणारी सावली

१

भोरड्या मारायच्या नसतात, वळवायच्या असतात. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच मोसमात माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, लंकाबाईंनी, हे मला शिकवलं. थवा बागेवर आला की गोफणीचा दगड थव्यात टाकायचा नाही. थव्यात टाकला तर थवा फुटतो आणि पाखरं वेलींच्या अख्ख्या मंडपावर पसरतात. दगड टाकायचा थव्याच्या नाकासमोर. मग सगळी पाखरं एकदम कलतात, एका अंगावर वळतात आणि निघून जातात.

"जातात कुठं पण, अक्का?" मी विचारलं होतं.

"बांधापल्याड. तिथला राखण्या बघून घेईल. तू काय त्यांची सोयरीक जुळवायला बसलीस?"

आमची द्राक्षबाग ओझरच्या धावपट्टीपासून जवळच, निफाडच्या अंगाला. विमानांचं आम्हाला काही नवल नव्हतं. ती उठायची, घिरट्या घालायची, भांडी थरथरवायची आणि उतरायची. दोन हजार दोन सालचा तो फेब्रुवारी होता. सरहद्दीवर फौजा उभ्या होत्या आणि रेडिओवर रोज युद्धाच्या बातम्या असायच्या. आमच्याकडे मात्र घड भरले होते, मण्यांत साखर उतरत होती, आणि दुपारभर आम्ही दोघी जावा माळ्यावर बसून राखण करत होतो. अक्कांची मुलगी सायली बाळंतपणाला आली होती. नाशिकला पोट फाडून मुलगी झाली. घरी आणल्यावर टाक्यांत पू झाला, ताप येऊ लागला. ती आणि बाळ मागच्या खोलीत होती. अक्का विधवा, त्यांना ही एकच लेक. म्हणून माळ्यावर बसल्या तरी त्यांचा एक डोळा घराकडे असायचा.

माळा मंडपापेक्षा उंच होता. वरून पाहिलं की वेलींचं छत एखाद्या हिरव्या सतरंजीसारखं सपाट दिसायचं, घराच्या भिंतीपर्यंत पसरलेलं.

त्या दुपारी आधी तारा वाजल्या. मंडपाच्या तारा लोखंडी अँगलना ताणून बांधलेल्या असतात. वारा असला की त्या गुणगुणतात. पण तेव्हा वारा नव्हता. मग पश्चिमेच्या बांधावरून एक सावली छतावर चढली.

ती विमानाची होती. लांबलचक अंग, मागे वळलेले पंख. इतकी मोठी, की तिचं एक टोक आमच्या विहिरीपाशी होतं तेव्हा दुसरं बांधाच्या पलीकडे होतं. ती माळ्यावरून गेली तेव्हा माझ्या हातावरचं ऊन गेलं आणि परत आलं.

मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. एक घारसुद्धा नव्हती.

"लय वर असंल," अक्का म्हणाल्या. "आपली नजर तरी कुठं पहिल्यासारखी राहिली?"

मीही तेच म्हणाले. पण तारा अजून वाजत होत्या.

२

माझे यजमान, कारभारी, पंधरा-सोळा वर्षं हवाई दलात होते. विमानांच्या तोफांत गोळ्या भरायचं काम त्यांच्याकडे असायचं. निवृत्त झाल्यावर घरची बाग बघू लागले. त्यांना मी सावलीचं सांगितलं तेव्हा ते हसले.

"कडा कशा होत्या? पुसट?"

"नाही. कात्रीनं कापल्यासारख्या."

"मग ते विमान नव्हतं. उंचावरच्या विमानाची सावली विरून जाते, मीना. कात्रीनं कापल्यासारखी पडायला ते तुझ्या डोक्याला लागेल इतकं खाली हवं."

"म्हणूनच तर म्हणते."

दुसऱ्या दिवशी ते माळ्यावर आले. अक्का म्हणाल्या, "या भाऊजी, बसा. सरकारी माणूस आल्याशिवाय आमचं खरं कोण मानतंय?"

"वहिनी, तुम्ही सांगितलंत तर मी भोरडीलासुद्धा मिग म्हणेन."

तेवढ्यात तारा वाजल्या आणि त्यांचं हसू गेलं. सावली चढली. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग परत तिच्याकडे. एखादं बाळ बोट धरतं तसं त्यांनी माळ्याचं लाकूड घट्ट धरलं होतं.

"हे आपलं नाही," ते हळूच म्हणाले. "आपल्याकडे असलं नाहीच. हे बाहेरच्या देशाचं आहे. लांब पल्ल्याचं, बॉम्ब टाकणारं."

"मागं बघा," अक्का म्हणाल्या.

मागून आणखी दोन सावल्या येत होत्या. लहान, टोकदार, वेगानं. मोठीच्या शेपटीपर्यंत त्या पोचल्या नव्हत्या, पण त्यांचा रोख तिच्यावरच होता. तिन्ही बाग ओलांडून गेल्या. घराच्या कोपऱ्यावरून, गोठ्यावरून, आणि पूर्वेच्या शेतात नाहीशा झाल्या.

मग यजमानांनी सांगितलं की परक्या विमानाला अडवायची एक रीत असते. दोन लढाऊ विमानं जातात. एक त्याच्या बाजूला जाऊन पंख हलवतं. म्हणजे, माझ्यामागे चल आणि खाली उतर. दुसरं मागे राहतं, तोफ रोखून.

"आणि त्यानं नाही ऐकलं तर?" मी विचारलं.

"मग मागचा मारतो."

"मारलेलं पडतं कुठं?" अक्कांनी विचारलं.

यजमानांनी घराकडे पाहिलं, आणि मग आम्ही तिघंही घराकडे पाहत राहिलो.

३

मी मनाला समजावलं की हा उन्हाचा खेळ असेल. धावपट्टीवरून उठलेल्या एखाद्या विमानाचं प्रतिबिंब असेल. मी दहावीपर्यंत शिकलेली बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आणि सावलीनं कुणाचं काय बिघडतं?

पुढच्या खेपेला लहान सावल्यांपैकी एक मोठीच्या बाजूला आली होती. ती पंख हलवत होती. डावा वर, उजवा वर, डावा वर. ते इतकं ओळखीचं वाटलं, जसं कुणी दारातून मान हलवून बोलावतं तसं. मोठी सरळ जात राहिली.

त्याच वेळी भोरड्यांचा थवा बांधावरून उठला होता. अक्कांनी गोफण फिरवली. थवा कलला आणि त्या सावल्यांच्या वरून वळायला लागला.

आणि थवा फुटला. दगडानं फुटतो तसा नाही. हवेत एक रेघ ओढल्यासारखा तो फुटला आणि त्या रेघेवरच्या पाखरांचं नुसतं रक्त झालं. आवाज आला तो पाखरांच्या मागून, अख्ख्या बागेत कुणी पत्रे फाडत गेल्यासारखा. माझ्या तोंडावर काही ओलं आलं. पिसं, चोची, पायांचे लाल तुकडे वेलींवर पडत होते. रेघ तिथं थांबली नाही. ती मंडपावर उतरली. तारा तुटून चाबकासारख्या उडाल्या, घड फुटले, आणि बांधाजवळ भिकनचा कुत्रा उभा होता तो मधून दोन झाला.

भिकन आमच्या बागेत दर वर्षी कामाला यायचा. सुरगाण्याकडचा, अबोल आणि कष्टाळू. बांधावर त्याची झोपडी होती. तो कुत्र्याच्या पुढच्या अर्ध्याजवळ बसला. ते अर्धं अजून त्याच्याकडे सरकत होतं.

"कोन मारलं?" तो विचारत होता. "कोन मारलं याला, दादा? कोन हाय?"

यजमान भोकं तपासत होते. एकामागे एक, सारख्या अंतरावर, प्रत्येकात माझी मूठ जाईल एवढी. त्यांनी दंडापर्यंत हात आत घातला आणि चाचपून बाहेर काढला.

"विमानाच्या तोफेची माळ अशीच पडते," ते म्हणाले. "पण आत काही नाही. लोखंडाचा कणसुद्धा नाही." हात त्यांनी धोतराला पुसला आणि पुसतच राहिले. "माती गरम आहे फक्त."

ते सायकलवर धावपट्टीच्या फाटकावर गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांचं नीट ऐकून घेतलं. त्या दुपारी एकही विमान हवेत नव्हतं, आणि गोळीबाराचा सराव तिथं होतच नाही, असं सांगितलं. संध्याकाळी दोघं जण येऊन बाग बघून गेले. मेलेली पाखरं त्यांनी काडीनं उलटी करून पाहिली. जाताना त्यांतला तरुण यजमानांना म्हणाला, "काका, घरातल्या मंडळींना थोडे दिवस दुसरीकडे ठेवा." त्याला काय वाटलं होतं ते त्यानं सांगितलं नाही.

४

"बारसं झाल्याबिगर बाळ उंबऱ्याबाहेर जायाचं नाय," अक्का म्हणाल्या. "आन् सायलीला जीपमधी हादरे दिले तर टाके उसवतील. डाक्टरनं काय सांगितलंय?"

ते खरंच होतं. डॉक्टरांनी हालवू नका असंच सांगितलं होतं. शिवाय आतापर्यंत जे झालं होतं ते बागेच्या दूरच्या टोकाला झालं होतं. घर तसं लांब होतं. आम्ही बागेतलं काम थांबवलं आणि दुपारी सगळे घरात थांबलो.

मागची खोली अंधारी असायची. खिडकीला घोंगडी लावलेली, कोपऱ्यात शेगडी, ओव्याच्या धुरीचा वास. दुपारी मी सायलीच्या उशाशी बसले होते. तिचा हात तव्यासारखा तापला होता. बाळ तिच्या कुशीत रडत होतं.

फळीवरची पितळी भांडी वाजायला लागली. एकमेकांना न लागताच वाजत होती, मंडपाच्या तारांसारखी.

बाळ एकदम गप्प झालं.

"काकू," सायली म्हणाली, "ही बघा कशी बघते. इतक्या लहान बाळाला दिसतं का हो?"

बाळ छताकडे पाहत होतं. तिची मान हळूहळू वळत होती, पश्चिमेच्या भिंतीकडून पूर्वेकडे. मी वर पाहिलं. खिडकी बंद होती, दार बंद होतं, शेगडीचा तेवढा लालसर उजेड होता. त्या उजेडात छताच्या पत्र्यावरून मागे वळलेल्या पंखांची सावली सरकत होती. घराच्या आत. आणि मागच्या लहान सावलीचं टोक तिच्या शेपटीला टेकलं होतं.

बाहेर पत्रे फाडल्याचा आवाज झाला. तो पूर्वीपेक्षा जवळ होता. मग एक माणूस ओरडला.

भिकन पंपघराजवळ पडला होता. मोटर बंद करायला तो एकटाच बागेत गेला होता. त्याचा उजवा हात कोपराखाली नव्हता. दंडातून रक्त ठोक्याबरोबर उडत होतं आणि तो डाव्या हातानं मातीत काही शोधत होता. मी माझा पदर फाडला. यजमानांनी दंड करकचून बांधला. भिकन ओरडायचा थांबला आणि माझ्याकडे पाहून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बाई, तो मला बघत होता."

"कोण रे?"

"जो बाजूला हाय तो. मान वळवून."

त्याला टेम्पोत घालून नाशिकला नेलं. टेम्पो गेल्यावर यजमान भोकांच्या रेघेवरून चालत आले. ती पंपघराशी संपत होती. पहिली बांधाशी संपली होती. त्यांनी दोन्हींवरून एक दोरी लावली आणि दोरीच्या मागे उभं राहून पाहिलं. दोरी बाळंतिणीच्या खोलीवर जात होती.

अक्कांनी आमच्याकडे पाहिलं. "जावयांना फोन लावा, भाऊजी. टाके उसवू द्या, बारसं जाऊ द्या."

सायलीचे यजमान सिन्नरला कारखान्यात पाळीवर असायचे. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटली की जीप घेऊन येतो, संध्याकाळपर्यंत पोचतो, असं ते म्हणाले.

संध्याकाळच्या आधी दुपार होती.

५

सकाळी आम्ही सायलीला उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिलं. ती इतकी ओरडली की परत ठेवावं लागलं. घोंगडीवर रक्तमिश्रित पू आला होता. यजमानांनी खोलीच्या भिंतीला मातीची पोती रचायला घेतली. मला त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्या पोत्यांचा काही उपयोग नाही हे ज्याला सगळ्यात नीट माहीत होतं तोच माणूस ती रचत होता.

अक्का ओसरीवर बसून गोफणीची वादी ओली करत होत्या.

"अक्का, हे काय?"

"वळवते."

"ती पाखरं आहेत का?"

"उडतंय ना? नाकाम्होरं आडवं आलं की उडणारं वळतंच. मंग ते कुठल्या का देशाचं असंना."

"आणि नाही वळलं तर?"

"तर माझा एक दगड वाया गेला. तुझ्या बापाचा नाय गेला."

मी चिडले. मी म्हणाले की हे वेडेपण आहे, सावलीला दगड लागत नाही. त्या उठल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. "लागायचा नसतोच, मीने," त्या म्हणाल्या. "तुला इतकी वर्सं काय शिकवलं मी?"

दुपारी त्या माळ्यावर उभ्या राहिल्या. मी खाली शिडीशी होते. यजमान घराच्या दारात, सायलीची खोली राखत. तारा वाजल्या. मी शिडीवर चढून मंडपावर डोकं काढलं.

मोठी सावली बांधावरून आली. आज ती हळू होती, दमलेली वाटावी इतकी. तिच्या बाजूची लहान आता पंख हलवत नव्हती. मागची इतकी जवळ होती की दोघींचा एकच काळा डाग झाला होता. तिघींचा रोख घरावर होता.

अक्कांनी गोफण फिरवली. एकदा, दोनदा, आणि सोडली. दगड मंडपाच्या पानांवर पडला, बरोबर त्या लांब नाकाच्या पुढे.

मोठी सावली कलली. मी डोळ्यांनी पाहिलं. तिचा एक पंख आखडला, दुसरा लांबला, आणि ती थव्यासारखी एका अंगावर वळली. घर उजवीकडे सोडून, विहिरीवरून, उसाच्या शेतावरून निघून गेली.

"गेली!" मी ओरडले. मी हसत होते आणि रडत होते. "अक्का, गेली!"

अक्का खाली मंडपाकडे पाहत होत्या.

दोन लहान सावल्या तिच्यामागे गेल्या नव्हत्या. त्या मंडपावर थांबल्या होत्या.

विमान थांबत नाही. त्याची सावली थांबत नाही. त्या थांबल्या होत्या, पानांवर, शेजारी शेजारी, आणि पानं हलत होती पण त्या हलत नव्हत्या. मग एकीच्या मधल्या भागात काही फिरलं. लहानसं, गोल. सावलीतली सावली. माणसानं मान वळवावी तसं ते माळ्याकडे वळलं.

६

"मीने, खाली उतर," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही पण—"

"उतर म्हनते ना! घराकडं जाऊ नको. बांधाकडनं जा."

दोन्ही सावल्यांची टोकं फिरून माळ्याकडे झाली. अक्का शिडीनं उतरल्याच नाहीत. त्यांनी माळ्यावरून पलीकडे उडी मारली. मी त्यांना मातीवर पडताना ऐकलं, हाड मोडल्याचा आवाजही ऐकला. तरी त्या उठल्या. साडी खोचली आणि वेलींच्या ओळीतून धावत सुटल्या, घराच्या उलट दिशेला. धावताना त्या भोरड्यांना घालतात ती साद घालत होत्या. हाऽऽ हो. हाऽऽ हो. इकडं. इकडं या.

मी शिडीवरून खाली उतरते तोच माळा माझ्या डोक्यावर फुटला. बांबूच्या चिपा माझ्या पाठीत घुसल्या. मी मातीत तोंड खुपसलं. वर पत्रे फाटत होते, एकामागे एक, आणि ते माझ्यापासून दूर जात होते. मान वळवली तेव्हा वेलींखालून सगळी ओळ दिसत होती. ओळीच्या शेवटी अक्कांची पाठ होती. त्यांच्या दोन्ही बाजूंनी माती उडत होती. अँगल वाकत होते, घड हवेतच फुटून त्यांचा रस पावसासारखा पडत होता.

रेघ त्यांच्या पायांपाशी पोचली. डावा पाय गेला. त्या पडल्या आणि हातांवर पुढे सरकल्या. अजून साद घालत होत्या. मग रेघ त्यांच्या पाठीवरून वर गेली आणि साद मधेच तुटली.

मी हे इतकंच सांगते. जे आम्हाला गोळा करावं लागलं ते यजमानांनी गोळा केलं, घोंगडीत, आणि मला जवळ येऊ दिलं नाही.

जावई जीप घेऊन आले तेव्हा पोलीसही आले होते. गावठी बॉम्ब असेल, कॉम्प्रेसर फुटला असेल, असं ते आपसात म्हणत होते. ती घोंगडी निफाडला तपासणीसाठी न्यावी लागणार होती. जबाब द्यायला यजमान आणि जावई दोघांना बोलावलं. जीप त्यात गेली. सकाळी परत येऊ आणि लगेच सायलीला हलवू, असं ठरलं.

सायलीला आम्ही काही सांगितलं नाही. तापात तिला आवाज ऐकू आला होता, तेव्हा कॉम्प्रेसर फुटला म्हणून सांगितलं. आई कुठंय विचारलं, तेव्हा मी म्हणाले की भिकनला बघायला नाशिकला गेली.

"मला न सांगता?" सायली म्हणाली. "अशी कशी गेली?"

७

सकाळ गेली, जीप आली नाही. जबाब लांबला असेल. मी भात केला, सायलीला भरवला, बाळाला शेक दिला. हात आपोआप चालत होते. पाठीतली बांबूची एक चीप निघाली नव्हती, ती बरी वाटत होती. दुखतंय म्हणजे मी शुद्धीवर आहे, असं मी स्वतःला सांगत होते.

मला वाटत होतं की आता संपलं. मोठी वळून गेली. लहानांना जे हवं होतं ते त्यांनी घेतलं.

दुपारी बाहेर तारा वाजल्या.

अर्ध्याअधिक तारा तुटल्या होत्या, म्हणून आवाज निराळा होता, दात वाजावेत तसा. मी ओसरीच्या दारात गेले. मंडप मधून चिरला होता आणि त्या चिरेतून उन्हाचा लांब पट्टा जमिनीवर पडला होता.

मोठी सावली आली नाही. मी वाट पाहिली, पण ती आलीच नाही. त्या दोघी आल्या, शेजारी शेजारी, सावकाश. आणि त्यांच्या पुढे, त्या उन्हाच्या पट्ट्यावरून, आणखी एक सावली येत होती.

ती माणसाची होती. साडी खोचलेली बाई धावत होती. जमिनीवर तिची सावली होती आणि वर ती नव्हती. मला तिचं धावणं पाहूनच कळलं. बावीस वर्षं मी त्या बाईच्या मागे चालले होते.

ती घराच्या उलट दिशेला धावत नव्हती. ती घराकडे येत होती.

त्यात तिचा काय दोष? मारायला कुणी मागे लागलं की माणूस कुठं धावतं? आणि तिची लेक इथं होती. ती पडत होती, उठत होती. एका पायाची सावली गुडघ्याशी संपत होती. मागच्या दोघींपैकी एक आता बाजूला आली होती आणि पंख हलवत होती. डावा वर, उजवा वर. उतर. खाली उतर.

ती अंगणात आली. ओसरीच्या पायरीवर तिचे हात पडले.

मी दार लावलं. कडी घातली.

लावल्यावर मला कळलं की मी काय केलं. मी दाराशी खाली बसले. पलीकडून ठोठावणं झालं नाही. आवाज काहीच नव्हता. पण कडी हलत होती, लहान लहान, जणू कुणी थकलेल्या हातानं तिला बाहेरून समजावत होतं.

मग दाराखालच्या फटीतून बोटं आत आली. उन्हाची जी बारीक रेघ तिथं पडायची तिच्यावर चार काळी बोटं. ती फरशीवरून पुढे सरकली. माझ्या पायाच्या अंगठ्याला लागली. ती गरम होती.

आत बाळ रडलं.

बोटं थांबली.

फळीवरची भांडी वाजायला लागली होती. छताच्या पत्र्यावर त्या दोन्ही सावल्यांची टोकं आली होती. त्यांतल्या एकीत ते गोल, लहानसं काही तरी इकडे तिकडे फिरत होतं. शोधत होतं. ते आधी दाराकडे वळलं. मग, बाळ पुन्हा रडलं तेव्हा, मागच्या खोलीकडे.

मी फटीशी तोंड नेलं. फरशीला गाल लावला.

"अक्का," मी म्हणाले, "जा. इथं नका राहू. जा."

बोटं हलली नाहीत.

"जा ना हो," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. "तिच्यावर येतील. बघतायत ते. जा!"

मग बोटं एकेक करून मागे गेली. करंगळी सगळ्यात शेवटी. फटीत ऊन परत आलं. छतावरचं ते गोल झटक्यात वळलं आणि दोन्ही सावल्या पत्र्यावरून घसरून बाहेर गेल्या. भांडी थांबली. आणि दूर, वेलींच्या ओळींत, पत्रे फाडल्याचा आवाज सुरू झाला. तो बराच वेळ चालला.

"काकू," सायलीनं आतून हाक मारली. "कोण होतं? आई आली का?"

"नाही ग. मांजर होतं."

"मग?"

"हाकललं," मी म्हणाले.

ती बाळाला पाजायला घेऊन बसली. बाळ चुटुचुटु पीत होतं. मी दाराला पाठ लावून तिथंच बसून राहिले, कारण उद्याही दुपार होणार होती, आणि अक्का घरी येणार होत्या.